मराठी–जर्मन नाट्यसहकार्य

मराठी–जर्मन नाट्यसहकार्य ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी आणि जर्मन रंगकर्मींमध्ये घडून आलेली परस्पर-आदानप्रदानाची प्रक्रिया होय. परकीय नाटकांची भाषांतरे व रूपांतरे मराठीत एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहेत. या सहकार्याचे वेगळेपण असे की, त्यात केवळ संहितांची देवघेव झाली नाही. दिग्दर्शक, नट आणि लेखक यांनी एकमेकांच्या देशात जाऊन एकत्र तालमी केल्या. फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांचे संयुक्त प्रकल्प, थिएटर अकादमीच्या 'घाशीराम कोतवाल'चा युरोप दौरा आणि बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यगृहाच्या प्रेरणेने पुण्यात रुजलेली बालरंगभूमीची चळवळ हे या सहकार्याचे तीन प्रमुख टप्पे मानता येतात.

स्वरूप आणि व्याप्ती

दोन देशांतील रंगकर्मींमधील आदानप्रदानाचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात संहिता प्रवास करते : एका भाषेतील नाटक दुसऱ्या भाषेत अनुवादित वा रूपांतरित होते आणि मूळ लेखकाचा वा त्याच्या देशातील रंगकर्मींचा प्रयोगाशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रयोग प्रवास करतो : तयार झालेले नाटक नटसंचासह परदेशी जाते, तेथील प्रेक्षकांपुढे सादर होते आणि परत येते. तिसऱ्या प्रकारात रंगकर्मी प्रवास करतो : परका दिग्दर्शक यजमान देशात काही आठवडे वा महिने राहून तेथील नटांकडून, त्यांच्याच भाषेत, नवे नाटक उभे करतो. मराठी–जर्मन संबंधांत हे तिन्ही प्रकार आढळतात.

अशा देवघेवीला दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर संस्थात्मक आधार मिळू लागला. युनेस्कोच्या पुढाकाराने १९४८ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय रंगभूमी संस्था (आय.टी.आय.) स्थापन झाली. युद्धाने दुरावलेल्या देशांतील रंगकर्मींनी परस्परांचे काम पाहावे व ज्ञानाची देवाणघेवाण करावी, हा तिचा हेतू होता. २७ मार्च हा जागतिक रंगभूमी दिन १९६२ पासून याच संस्थेच्या वतीने साजरा होतो. २००२ मधील या दिनाचा संदेश गिरीश कर्नाड यांनी लिहिला होता.

पूर्वपीठिका

भारतीय नाटकाचा जर्मन भाषेशी संबंध अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. विल्यम जोन्स यांनी कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'चे केलेले इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून गेओर्ग फॉर्स्टर यांनी केलेले जर्मन भाषांतर १७९१ मध्ये निघाले आणि ते वाचून ग्योथे प्रभावित झाला. त्याच्या 'फाउस्ट'च्या आरंभी नाट्यगृहातील जो पूर्वप्रवेश आहे, त्याची कल्पना शाकुंतलातील सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून सुचली असावी, असे अभ्यासक मानतात. मराठीत हेच नाटक अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' या रूपाने रंगभूमीवर आणले. संगीत नाटकाच्या युगाचा आरंभ सामान्यतः तेथून धरला जातो.

आधुनिक काळात दोन्ही रंगभूमींना जोडणारा मुख्य दुवा म्हणजे बेर्टोल्ट ब्रेख्त (१८९८–१९५६) हा जर्मन नाटककार व दिग्दर्शक. प्रेक्षकाने नाटकात स्वतःला हरवून न जाता समोरच्या घटनेकडे थोड्या अंतरावरून, विचारपूर्वक पाहावे, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी निवेदक, गाणी, फलक, उघड दिसणारी प्रकाशयोजना आणि अर्ध्या उंचीचा हलका पडदा अशी साधने तो वापरत असे. या विचाराच्या घडणीत आशियाई रंगभूमीचाही वाटा होता. चिनी नट मेइ लानफांग याचे सादरीकरण ब्रेख्तने १९३५ मध्ये मॉस्कोत पाहिले आणि त्यानंतर चिनी अभिनयपद्धतीतील परात्मभावावर लेख लिहिला.

ब्रेख्तची ही साधने मराठी प्रेक्षकाला अनोळखी नव्हती. कीर्तनकार आख्यान सांगता सांगता पात्र होतो आणि पुन्हा निवेदक होतो. तमाशातील सोंगाड्या कथा मध्येच थांबवून प्रेक्षकांशी बोलतो. दशावतारात नट सर्वांच्या देखत भूमिकेत शिरतो आणि बाहेर येतो. त्यामुळे ब्रेख्तचे नाटक मराठीत येताना त्याचे तंत्र नव्याने शिकवावे लागले नाही. अडचण आली ती वेगळ्या ठिकाणी. मराठी लोकनाट्यात ही साधने रंजनाचा भाग म्हणून रूढ झाली होती, तर ब्रेख्तला त्यांच्याकडून सामाजिक चिकित्सेचे काम करवून घ्यायचे होते.

दोन जर्मनी आणि सांस्कृतिक राजनय

हे सहकार्य ज्या काळात आकाराला आले, त्या काळात जर्मनी दोन राज्यांत विभागलेली होती. जर्मन संघीय प्रजासत्ताक (पश्चिम जर्मनी) आणि जर्मन लोकशाही प्रजासत्ताक (पूर्व जर्मनी) यांच्यात आंतरराष्ट्रीय मान्यतेसाठी स्पर्धा होती. पूर्व जर्मनीला मान्यता देणाऱ्या देशांशी राजनैतिक संबंध ठेवायचे नाहीत, असे पश्चिम जर्मनीचे दीर्घकाळ धोरण होते. भारताने पूर्व जर्मनीशी पूर्ण राजनैतिक संबंध १९७२ मध्ये प्रस्थापित केले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, नाटक, संगीत व क्रीडा ही पूर्व जर्मनीची भारतातील ओळख निर्माण करण्याची महत्त्वाची साधने होती. पश्चिम जर्मनीचे काम भारतात 'मॅक्स म्युलर भवन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्योथे संस्थेच्या शाखांमार्फत चाले. मुंबई व पुणे येथे या शाखा कार्यरत आहेत.

याचा एक परिणाम असा झाला की, मराठी रंगकर्मींना दोन्ही जर्मनींकडून निमंत्रणे येत राहिली. विजया मेहता यांचे काम मुख्यतः वायमार आणि लाइपझिग या पूर्व जर्मन शहरांशी जोडले गेले, तर पुण्याच्या थिएटर अकादमीचे संबंध पश्चिम बर्लिनशी आले.

मराठीत ब्रेख्त

ब्रेख्तच्या मृत्यूनंतर काही काळातच हबीब तन्वीर बर्लिनला गेले व तेथे काही महिने राहून त्यांनी बर्लिनर आँसाँब्लचे प्रयोग पाहिले. पुढे त्यांनी छत्तीसगढी लोककलावंतांसह केलेल्या कामाने साऱ्या भारतीय रंगभूमीला प्रभावित केले. मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांनी 'सेझुआनची भली स्त्री' या ब्रेख्तच्या नाटकाचे 'देवाजीने करुणा केली' हे रूपांतर केले. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी 'खडूचे कॉकेशियन वर्तुळ' या नाटकावरून 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिले. पु. ल. देशपांडे यांनी 'थ्री पेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) रचला व तो जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकादमीने रंगभूमीवर आणला.

यांपैकी 'तीन पैशाचा तमाशा' हा पहिल्या प्रकारच्या, म्हणजे संहितेच्या प्रवासाचा उत्तम नमुना होय. या नाटकाचे मूळही प्रवासीच आहे. जॉन गे याने १७२८ मध्ये लिहिलेल्या 'बेगर्स ऑपेरा'वरून ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट व्हाइल यांनी १९२८ मध्ये बर्लिनमध्ये आपले नाटक सादर केले होते. त्यानंतर पन्नास वर्षांनी पु. लं.नी त्याला तमाशाचा घाट दिला. गण-गौळणीच्या परंपरेची, नाट्यसंगीताची आणि पाश्चात्त्य सुरावटींची थट्टा-मस्करी त्यात एकत्र नांदली. या प्रयोगाच्या निर्मितीत जर्मन दिग्दर्शकाचा सहभाग नव्हता.

फ्रिट्झ बेनेविट्झ

फ्रिट्झ बेनेविट्झ (१९२६–१९९५) यांचा जन्म केम्निट्झ येथे झाला. वायमारच्या जर्मन राष्ट्रीय नाट्यगृहाचे ते दीर्घकाळ प्रमुख दिग्दर्शक होते. ग्योथे आणि शिलर यांच्या कर्तृत्वाने पावन झालेल्या या शहरात त्यांनी 'फाउस्ट' एकाहून अधिक वेळा दिग्दर्शित केले. ब्रेख्त आणि शेक्सपिअर हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

बेनेविट्झ प्रथम १९७० मध्ये भारतात आले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक त्या वेळी इब्राहिम अल्काझी होते. अल्काझी यांचा जन्म पुण्याचा आणि त्यांच्या रंगकार्याची सुरुवात मुंबईची. बेनेविट्झ यांनी विद्यालयात 'थ्री पेनी ऑपेरा' हिंदीत 'तीन टके का स्वांग' या नावाने बसवले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते वारंवार भारतात येत राहिले व दिल्ली, मुंबई, कोलकाता आदी ठिकाणी निरनिराळ्या भाषांत त्यांनी नाटके बसवली. कोलकात्यात १९८० मध्ये त्यांनी केलेल्या बंगाली 'गॅलिलिओ'त शंभू मित्र यांनी प्रमुख भूमिका केली. फिलिपाईन्समधील रंगकर्मींबरोबरही त्यांनी काम केले.

परदेशी दिग्दर्शक एखाद्या महोत्सवापुरता येऊन जातो, तसे बेनेविट्झ यांचे नव्हते. ते त्याच नटांकडे, त्याच शहरांकडे पुन्हा पुन्हा परतले. भारतातील त्यांच्या कामाचे व पत्रव्यवहाराचे दर्शन घडवणारा योर्ग एस्लेबेन यांचा इंग्रजी ग्रंथ २०१६ मध्ये प्रकाशित झाला आहे.

अजब न्याय वर्तुळाचा

बेनेविट्झ आणि विजया मेहता यांच्या सहकार्याची सुरुवात १९७३ च्या सुमारास मुंबईत 'अजब न्याय वर्तुळाचा' या नाटकाने झाली. विजया मेहता यांनी १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींसह 'रंगायन'ची स्थापना केली होती व प्रायोगिक मराठी रंगभूमीच्या त्या अग्रणी होत्या. रूपांतरकार खानोलकर (१९३०–१९७६) हे 'आरती प्रभू' या नावाने कवी म्हणून ख्यातनाम होते. त्यांचे 'एक शून्य बाजीराव' (१९६६) मेहता यांनी यापूर्वीच दिग्दर्शित केले होते. त्यामुळे या प्रकल्पात परक्या दिग्दर्शकासमोर एकमेकांची भाषा जाणणारी मराठी दिग्दर्शक–नाटककारांची जोडी आधीपासून उभी होती.

मूळ नाटक ब्रेख्तने १९४४ मध्ये अमेरिकेतील निर्वासित जीवनात लिहिले. बंडाळीच्या धामधुमीत राज्यपालाची पत्नी आपले तान्हे मूल मागे टाकून पळते. ग्रुशा ही मोलकरीण स्वतःचा जीव धोक्यात घालून ते मूल वाढवते. पुढे जन्मदात्री वारशासाठी मुलावर हक्क सांगते. न्यायाधीश झालेला आझ्दाक हा अवलिया खडूचे वर्तुळ काढून त्यात मुलाला उभे करतो आणि दोघींना त्याला आपल्याकडे ओढायला सांगतो. मुलाला इजा होऊ नये म्हणून ग्रुशा हात सोडते आणि मूल तिलाच मिळते. या कथेचे मूळ एका जुन्या चिनी नाटकात आहे. बायबलमधील सॉलोमन राजाच्या न्यायाची गोष्ट आणि पाली जातककथांतील महोसधाच्या न्यायाची गोष्ट याच कुळातल्या आहेत. या जुन्या कथांत मूल जन्मदात्रीला मिळते. ब्रेख्तने निकाल उलटवला आणि जी सांभाळते तीच आई, ज्याच्या हातून जोपासना होते त्याचीच वस्तू, असा अर्थ त्यातून काढला. कूळकायद्याच्या आणि 'कसेल त्याची जमीन' या घोषणेच्या काळातून गेलेल्या महाराष्ट्रात हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दिग्दर्शनात बेनेविट्झ आणि मेहता यांचा संयुक्त सहभाग होता. ग्रुशाच्या भूमिकेसाठी भक्ती बर्वे यांची निवड झाली. मूळ नाटकातील गायक-निवेदक मराठी लोकनाट्याच्या घाटात सहज बसला. पुढे या नाटकाचे प्रयोग पूर्व जर्मनीतही झाले. ब्रेख्तच्या नाटकाचे मराठी रूप ब्रेख्तच्याच देशात, मराठी भाषेत, मराठी नटांनी सादर करणे हा या सहकार्यातील महत्त्वाचा क्षण मानला जातो. मूळ नाटक मुखोद्गत असलेल्या प्रेक्षकांपुढे ते सादर होत असल्याने भाषा न समजताही रूपांतरकार व दिग्दर्शकांनी केलेले प्रत्येक वेगळेपण त्यांच्या नजरेस येऊ शकत होते.

जर्मन नटांसह भारतीय नाटके

याच सहकार्याचा दुसरा आणि तुलनेने कमी परिचित भाग म्हणजे विजया मेहता यांनी जर्मनीत जाऊन जर्मन नटांकडून बसवलेली भारतीय नाटके. विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस', कालिदासाचे 'शाकुंतल' तसेच गिरीश कर्नाड यांची 'हयवदन' व 'नागमंडल' ही नाटके त्यांनी वायमार, लाइपझिग येथील नटसंचांबरोबर केली. 'हयवदन' वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या नियमित नाटकांत समाविष्ट झाले.

संस्कृत नाटकाच्या रंगसंकेतांत स्थलांतर दाखवण्यासाठी देखावा बदलावा लागत नाही. पात्राने रंगमंचावर एक फेरी घातली की तो दुसऱ्या ठिकाणी पोहोचला, असे मानायचे असते. रथ, नदी, वृक्ष हे हावभावांतून उभे राहतात. रंगमंचाचे काल्पनिक विभाग पाडून एकाच वेळी दोन स्थळे दाखवता येतात. वास्तववादी अभिनयात तयार झालेल्या नटाला हे संकेत आत्मसात करणे म्हणजे वेगळे व्याकरण शिकणे होय. 'मुद्राराक्षस' या नाटकात शृंगार जवळजवळ नाही. चाणक्य आणि राक्षस या दोन अमात्यांमधील बुद्धिबळाचा डाव असेच त्याचे स्वरूप आहे. प्रेक्षकाने भावनेपेक्षा विचाराने गुंतावे, अशी अपेक्षा असलेल्या ब्रेख्तच्या परंपरेला ते संस्कृत नाटकांपैकी बहुधा सर्वांत जवळचे आहे.

'हयवदन'चा प्रवास या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. मस्तकांच्या अदलाबदलीची मूळ कथा 'कथासरित्सागरा'त आहे. तिच्यावरून थॉमस मान या जर्मन लेखकाने १९४० मध्ये लघुकादंबरी लिहिली. मानने दिलेले वळण लक्षात घेऊन कर्नाड यांनी कन्नडमध्ये नाटक लिहिले. खानोलकर यांनी त्याचा मराठी अनुवाद केला व विजया मेहता यांनी तो रंगभूमीवर आणला. त्यानंतर मेहता यांनीच ते जर्मन भाषेत, जर्मन नटांकरवी वायमारमध्ये सादर केले. भारतातून निघालेली कथा जर्मन साहित्यातून पुन्हा भारतात आली आणि मराठी दिग्दर्शिकेच्या हातून पुन्हा जर्मन रंगमंचावर गेली. 'नागमंडल'ही पुढे परदेशी रंगभूमीवर गाजले. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील गथ्री नाट्यगृहाने १९९३ मध्ये त्याचा प्रयोग केला.

घाशीराम कोतवालचा युरोप दौरा

विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने सादर केले. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत दिग्दर्शक भास्कर चंदावरकर आणि नृत्यरचनाकार कृष्णदेव मुळगुंद होते. नाना फडणवीसांची भूमिका मोहन आगाशे करीत. गण, खेळे, दशावतार, कीर्तन यांचा आधार घेऊन रचलेला नटांचा हलता 'मानवी पडदा' हे या प्रयोगाचे प्रमुख वैशिष्ट्य ठरले. नानांच्या चित्रणावरून वाद उद्भवला, संस्थेने प्रयोग थांबवले आणि नटमंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन केली. तिच्या वतीने नाटक पुन्हा सुरू झाले.

१९८० मध्ये या नाटकाला युरोपातून निमंत्रण आले, तेव्हा वाद नव्याने पेटला. महाराष्ट्रात हे नाटक चालू असताना जी हरकत घेतली गेली होती, तिला आता आणखी एक मुद्दा मिळाला : परदेशात हे नाटक दाखवल्यास मराठ्यांच्या इतिहासाची व पेशवाईतील एका मुत्सद्द्याची बदनामी होईल. प्रकरण न्यायालयात गेले. प्रयोगापूर्वी नानांच्या ऐतिहासिक कर्तृत्वाविषयी निवेदन करण्याच्या अटीवर अखेर दौऱ्याचा मार्ग मोकळा झाला. पश्चिम बर्लिनसह युरोपातील अनेक शहरांत प्रयोग झाले व त्यांचे स्वागत झाले.

आंतरराष्ट्रीय आदानप्रदानात सामान्यतः दुर्लक्षित राहणारा एक प्रश्न या घटनेने पुढे आणला. परदेशी जाणारे नाटक कोणाचे प्रतिनिधित्व करते : लेखकाचे, संस्थेचे, भाषेचे की देशाचे? घरी टीका म्हणून चालणारी गोष्ट बाहेर गेल्यावर निंदा ठरते काय? न्यायालयाबाहेर या प्रश्नांचा निर्णय झाला नाही, परंतु मराठी नाटकाच्या परदेश दौऱ्यांच्या चर्चेत ते पुढेही येत राहिले.

ग्रिप्स चळवळ

ग्रिप्स हे पश्चिम बर्लिनमधील बाल व युवा प्रेक्षकांसाठीचे नाट्यगृह आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरच्या विद्यार्थी चळवळीच्या वातावरणात नाटककार फोल्कर लुडविग यांच्या पुढाकाराने ते उदयाला आले. 'ग्रिप्स' या बोलीतील जर्मन शब्दाचा अर्थ चटकन चालणारी बुद्धी, अक्कल असा आहे. या नाटकांत राजा, राक्षस, पऱ्या नसतात. मुलांच्या रोजच्या जगण्यातील प्रसंग असतात : पालकांची भांडणे, शाळेतील भीती, खेळायला जागा नसणे, मोठ्यांचा ढोंगीपणा. मुलांची कामे प्रौढ नट करतात, गाणी आणि वाद्यवृंद यांना महत्त्व असते आणि उपदेश टाळलेला असतो.

मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने व मॅक्स म्युलर भवनाच्या साहाय्याने ही पद्धती १९८६ मध्ये पुण्यात आली. ग्रिप्सचे दिग्दर्शक वोल्फगांग कोल्नेडर यांच्या सहभागाने थिएटर अकादमीने 'छान छोटे वाईट मोठे' हे ग्रिप्सच्या नाटकाचे मराठी रूपांतर सादर केले. मराठी बालरंगभूमीला सुधा करमरकर, रत्नाकर मतकरी आदींच्या कार्याची समृद्ध परंपरा होती. तथापि, प्रौढ नटांनी मुलांच्या भूमिका करणे आणि घरातल्या, शाळेतल्या तक्रारी थेट मुलांच्या बाजूने मांडणे हे अनेकांना नवीन होते. मुलांना मोठ्यांविरुद्ध बोलायला शिकवले जात आहे काय, अशी शंका पालकांच्या मनात येणे स्वाभाविक होते. तशी ती बर्लिनमध्येही आली होती.

पुढील काळात जर्मन नाटकांच्या रूपांतरांबरोबर ग्रिप्सच्या धर्तीची स्वतंत्र मराठी नाटकेही लिहिली जाऊ लागली. श्रीरंग गोडबोले, विभावरी देशपांडे आदींनी या चळवळीत लेखन-दिग्दर्शन केले. मराठी चित्रपट-मालिका-रंगभूमीवरील अनेक कलावंतांची जडणघडण ग्रिप्समध्ये झाली. भारत–जर्मनी सांस्कृतिक संबंधांतील कार्याबद्दल मोहन आगाशे यांना जर्मन सरकारचा 'क्रॉस ऑफ मेरिट' (२००२) व 'ग्योथे पदक' (२००४) हे सन्मान मिळाले.

कार्यपद्धती

परक्या भाषेत नाटक बसवताना दिग्दर्शकाला शब्द समजत नाहीत, ही या सहकार्यातील उघड अडचण होती. तिच्यावर मात करण्याचे मुख्य साधन म्हणजे यजमान भाषेतील सहदिग्दर्शक. त्याचे काम दुभाष्याचे नसते. कोणत्या वाक्यावर प्रेक्षक हसेल, कोणता शब्द जातिवाचक वा प्रांतवाचक ठरेल, कोणत्या नात्यात कोणते संबोधन शोभेल, याचा निर्णय तोच करू शकतो. जर्मनमध्ये जवळिकीचे व आदराचे असे दोन 'तुम्ही' असतात. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांखेरीज नात्याची, वयाची व जातीची संबोधने असतात. ग्रुशाने शिपायाला काय म्हणावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ भाषांतरकाराचा राहत नाही.

दुसरी अडचण व्यवस्थेची. जर्मन नाट्यगृहांना शासकीय अनुदान असते आणि नटांना मासिक वेतन मिळते. तालमी दिवसा होतात. प्रायोगिक मराठी रंगभूमीवरील बहुतेक नट बँका, शाळा-महाविद्यालये, कचेऱ्या यांत नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारे होते. सलग तालमींची सवय असलेल्या दिग्दर्शकाला आणि रजा जमवून दौऱ्यावर जाणाऱ्या नटाला एका वेळापत्रकात बसवणे ही या सहकार्याची एक अव्यक्त किंमत होती.

टीका आणि मर्यादा

या सहकार्यावर पुढील प्रकारचे आक्षेप घेता येतात व त्यांपैकी काही भारतीय नाट्यसमीक्षेत मांडलेही गेले आहेत.

ब्रेख्तच्या नाटकाला लोकनाट्याचा घाट देताना रंग, गाणी व विनोद पुढे येतात आणि त्यामागील वर्गविषयक भूमिका मागे पडते, हा पहिला आक्षेप. 'खडूचे कॉकेशियन वर्तुळ'च्या आरंभी दोन शेतकी समूहांतील जमिनीच्या वादाचा प्रवेश आहे. नाटकाचा राजकीय अर्थ त्यावर अवलंबून असूनही जगभरच्या अनेक प्रयोगांत तो गाळला जातो. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की, स्थानिक प्रेक्षकाला आपले वाटले नाही, तर कोणतीही राजकीय भूमिका त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप असमतोलाचा. मराठीत आलेल्या जर्मन नाटकांची संख्या आणि जर्मन रंगभूमीवर गेलेल्या मराठी नाटकांची संख्या यांत मोठे अंतर आहे. जर्मन नटांसह झालेल्या नाटकांतही संस्कृत अभिजात नाटके आणि पुराणकथांवर आधारलेली नाटके यांना प्राधान्य मिळाले. नागरी मध्यमवर्गाचे वा दलित जीवनाचे समकालीन मराठी नाटक या मार्गाने फारसे गेले नाही. परक्या रंगभूमीला भारताकडून प्राचीनता व विधिनाट्य अपेक्षित असते, ही रुस्तम भरुचा यांच्यासारख्या समीक्षकांनी आंतरसांस्कृतिक रंगभूमीवर केलेली सर्वसाधारण टीका येथेही विचारात घ्यावी लागते.

तिसरी मर्यादा राज्यसंस्थेवरील अवलंबनाची. पूर्व जर्मनीबरोबरचे सहकार्य हे त्या राज्याच्या परराष्ट्र धोरणाचाही भाग होते. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले आणि ते राज्यच संपले. त्यानंतर त्याच्या आधाराने उभे राहिलेले मार्ग पूर्वीसारखे राहिले नाहीत. बेनेविट्झ यांचे १९९५ मध्ये वायमार येथे निधन झाले. व्यक्ती आणि राज्य यांवर उभा असलेला हा संबंध संस्थेच्या रूपात पुढे चालू राहिला नाही. याउलट पुण्यातील ग्रिप्सने स्वतःची मराठी नाटके व मराठी लेखक-दिग्दर्शक निर्माण केल्यामुळे ती चळवळ मूळ प्रेरणेनंतरही टिकून राहिली.

महत्त्व

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या सहकार्याचे स्थान दोन कारणांनी लक्षणीय आहे. साठोत्तरी काळात लोकनाट्याकडे व संस्कृत परंपरेकडे नव्या दृष्टीने पाहण्याची जी प्रवृत्ती निर्माण झाली, तिला ब्रेख्तच्या परिचयाने बळ मिळाले. जे घरचे होते, परंतु ग्रामीण वा जुनाट म्हणून बाजूला राहिले होते, ते आधुनिक नाट्यविचाराच्या कसोटीवर उतरते, हे या निमित्ताने नागर रंगकर्मींच्या प्रत्ययास आले. दुसरे असे की, मराठी दिग्दर्शिका जर्मन नटांना शिकवते, हे दृश्य परकीय रंगभूमीकडून केवळ घेण्याच्या एकोणिसाव्या शतकापासूनच्या प्रथेला छेद देणारे होते.

तिन्ही टप्प्यांची तुलना केली असता असे दिसते की, दौऱ्याने कीर्ती मिळवून दिली आणि भाषांतराने संहिता दिली. परंतु कामाच्या पद्धतीत बदल झाला तो मुख्यतः जेथे दोन्हीकडचे रंगकर्मी दीर्घकाळ एका तालीमगृहात राहिले तेथे. हे काम पुढील पिढीसाठी जतन होणे मात्र अवघड असते, कारण तालीम छापली जात नाही. विजया मेहता यांचे 'झिम्मा' हे आत्मकथन, प्रकाशित संहिता आणि बेनेविट्झ यांची पत्रे हे या कालखंडाच्या अभ्यासाचे उपलब्ध आधार होत.

हेसुद्धा पाहा

विजया मेहता
चिं. त्र्यं. खानोलकर
बेर्टोल्ट ब्रेख्त
घाशीराम कोतवाल (नाटक)
थिएटर अकादमी, पुणे
जागतिक रंगभूमी दिन
मराठी बालरंगभूमी